तेल प्यायलेलं दार

शाळेच्या पडवीत मी तिसरीच्या पोरांकडून पाढे म्हणून घेत होते, तेव्हा शंकर सायकल ढकलत फाटकातून आत आला. शंकर म्हणजे माझ्या गणपतदादाचा जाळ्यावरचा जोडीदार. गावाहून कोणी असं भर दुपारी नागभीडला आलं की निरोप ठरलेला असायचा... दादा पिऊन आला, वहिनीला मारलं, चल. त्यामुळे त्याला दम खाऊ न देताच मी विचारलं, "कोणाले लागलं?" शंकरनं सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "कोणाले नाई, बाई. या खेपेले तोच गेला." पोरं सतराच्या पाढ्यावर थांबली होती. मी त्यांना पुढे म्हणायला सांगितलं, ती म्हणू लागली, आणि मला रडू यायच्या आधी मोकळा श्वास आला. वहिनी सुखरूप आहे, हे पहिल्यांदा मनात आलं. सख्ख्या भावाच्या मरणाची बातमी ऐकून ज्या बहिणीला असं वाटतं, तिनं त्या भावावर काय लिहावं?

मी अधूनमधून या पुरवणीत लिहिते, म्हणून संपादकांनी भावाच्या चार गोड आठवणी लिहा असं सुचवलं. गोड आठवणी आहेतही. पण नुसत्या त्याच लिहिल्या तर सुभद्रावहिनी तो कागद चुलीत घालील आणि बरोबर करील. आम्ही ढिवर. गावाच्या मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावर, आमच्या घरांची पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. दादा माझ्याहून बराच मोठा, आणि अंगानं असा की ओल्या जाळ्याचा सगळा भार एकटा पाळीवर, तलावाच्या बांधावर, ओढून आणायचा. सातवीनंतर माझी शाळा बंद करायचं आमच्या काकानं ठरवलं, तेव्हा दादानं त्याला पाळीवर गाठलं, कमरेला धरून उचललं आणि तलावात फेकलं. काका वर आला की हा त्याचं डोकं पुन्हा पाण्यात दाबायचा. "बोल, शिकू देतं का नाई?" काकानं नाकातोंडातून पाणी गाळत होकार दिला. मी पाळीवर उभी राहून टाळ्या वाजवत होते. मी मास्तरीण झाले ती त्या हातांमुळे, हे खोटं कसं म्हणू? आणि त्याच हातांनी वहिनीचे पुढचे दोन दात पडले, हेही खरंच आहे. हात तेच होते. फक्त आधी ते माझ्या बाजूने होते.

दारू आमच्याकडे पाण्याच्या वाटेनं आली. पुस महिन्यात पहाटे छातीभर पाण्यात उतरायचं तर आधी मोहाची एक गुळणी पोटात जायची. थोडी तलावाला वाहायची, थोडी आपण घ्यायची, अशी रीतच होती, आणि कोणाला तिच्यात वावगं दिसत नसे. दादाची गुळणी वाढत वाढत बाटली झाली. मग थंडी लागेना तरी बाटली, पाण्यात उतरायचं नसलं तरी बाटली. नदीपलीकडच्या जंगलातून मोहफुलं यायची, नाल्यात भट्ट्या लागायच्या, आणि तिथून दादा घरी यायचा तो भांडण शोधत. भाजीत मीठ कमी, पोरगी समोर हसली, कोंबडी आडवी गेली... कारण कोणतंही चालायचं. एकदा त्यानं वहिनीला केसांना धरून अंगणभर फरफटवलं आणि सोडवायला आलेल्या शंकरचा खांदा निखळवला. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर त्याच खांद्याला शेक द्यायला गेला. शंकर म्हणायचा, "दिवसाचा गणपत वेगळा हाय, बाई." वहिनी म्हणायची, "मार तर एकाच अंगाले लागते ना, भाऊ?"

गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात दादाचे डोळे हळदीसारखे झाले आणि पोटात पाणी भरलं. मी आणि वहिनी त्याला छोट्या गाडीनं, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेनं, चंद्रपूरला घेऊन गेलो. तिथले डॉक्टर वयस्कर आणि शांत होते. त्यांनी आम्हाला नीट बसवून समजावलं. दारू आधी आतड्याची आतली बाजू खरवडते, पोटातली जी घाण बाहेर पडायची ती मग रक्तात शिरते आणि सरळ यकृतावर येऊन बसते. यकृतावर दारूचा मार आहेच, त्यात हा दुसरा. एक थेंबही घेतला तर हा माणूस वाचणार नाही, असं ते स्पष्ट बोलले. निघताना वहिनीनं दबकत विचारलं, की आमच्या घरी माशाचं तेल असते, ते पाजलं तर चालेल का. डॉक्टर थोडा विचार करून म्हणाले की थोडं थोडं द्या, आतड्याला आणि यकृताला ते बरं पडेल असं माझं मत आहे, पण दारू पूर्ण बंद असेल तरच. दारू चालू ठेवून तेल द्यायचं तर ते पाण्यात ओता. वहिनीनं दोन्ही वाक्यं ऐकली. खाटेवर पडलेल्या दादानं पहिलं ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

हे तेल काय असतं, ते सांगायला हवं. बाजारात गिऱ्हाइकाला रोहू-कतला चिरून दिला की पोटातली चरबी चिरणाऱ्याकडे राहते. ती घरी आणून गाडग्यात मंद आचेवर वितळवायची. घरभर असा वास सुटतो की नवी सून दोन दिवस जेवत नाही. ज्या पोराला संध्याकाळी दिसत नाही त्याला ते तेल चाटवतात. आणि उन्हाळा सरता सरता डोंगा, म्हणजे आमची लाकडी होडी, पालथा घालून त्याच्या बुडाला तेच चोपडतात, म्हणजे लाकूड पाणी धरत नाही, सडत नाही. वहिनीनं दादाला रोज सकाळी भाताच्या पेजेतून ते पाजायला सुरुवात केली. तो घरातच पडून होता, दारू नव्हती, पेज होती, हिरवी भाजी होती, तेल होतं. पावसाळा सरेपर्यंत पोट उतरलं, डोळे पांढरे झाले. वहिनी त्या दिवसांत तोंडावर हात न धरता हसायची. दिवाळीला मी गेले तर म्हणाली, "बाई, माहा माणूस परत आला." मला तिच्या आनंदाची भीती वाटली.

दादा परत आला तो भट्टीवरही परत गेला. त्यानं हिशेब ढिवराच्या डोक्यानं केला होता. तेल चोपडलेल्या डोंग्यात पाणी मुरत नाही, मग तेल चोपडलेल्या आतड्यात दारू कशी मुरेल? डॉक्टरनंच तर तेल द्या म्हटलं आहे. रोज सकाळी वहिनीच्या हातून तेल घ्यायचं आणि संध्याकाळी खुशाल प्यायचं. वहिनीनं हात जोडून डॉक्टरचं दुसरं वाक्य सांगितलं, तर त्यानं पेजेची वाटी तिच्या कपाळावर फोडली. वर मला समजावू लागला, "काऊन घाबरतं तू? बूड मजबूत हाय माहं." आणि हे खूळ त्याच्यापुरतं राहिलं असतं तरी एक वेळ... पण मरणाच्या दारातून उठलेला गणपत पुन्हा पिऊन दाखवतो आहे, हे सगळ्या भट्टीनं पाहिलं. बघता बघता घरोघरी तेल निघू लागलं. पोरांच्या डोळ्यांसाठी ठेवलेलं तेल बाप पिऊ लागले, पिण्याआधी एक चमचा, आणि मग कसलाच धरबंध नाही. गावात बायकांना मार वाढला. तोंड सुजलेल्या बाया वहिनीकडे येऊन विचारायच्या, तू असं कोणतं तेल देतं की माणूस मरत बी नाई आणि सुधरत बी नाई? हसावं की रडावं, मला कळेना. वहिनीला मात्र चांगलं कळत होतं. आपण त्याला जगवायला जे औषध देतो आहोत त्याच्याच जोरावर तो पितो आहे, आणि तो प्यायला की मरायची पाळी आपली.

पुढच्या मोहफुलांच्या दिवसांत मी तिच्याकडे होते. बाजाराचा दिवस, उन्हं उतरणीला लागलेली. वहिनीनं तेलाचं गाडगं उचललं, पाळीवर नेलं आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत तलावात उपडं केलं. पाण्यावर तवंग पसरला. "ज्याले पायजे त्यानं चाटून घ्या," एवढंच ती बोलली. ही गोष्ट भट्टीवर पोचायला किती वेळ लागणार? आम्ही दोघी आणि तिच्या दोन मुली घरात शिरलो आणि अडसर घातला तोच दादाची हाक आली. मग कुऱ्हाड आली. मी माझ्या भावाला तसं कधीच पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही पाहिलं नाही, फक्त ऐकलं. प्रत्येक घावाला चौकटीवरची माती आमच्या डोक्यावर पडत होती. थोरल्या मुलीचं नाव घेऊन तो शिव्या देत होता, तुझी माय मले मारायले निघाली म्हणत होता. तिसऱ्या का चौथ्या घावाला पातं फळीतून आत आलं, धाकटीच्या तोंडापासून वीतभरावर, आणि तिथेच अडकलं. तो ते हिसडत राहिला, दार हलत राहिलं. एकाएकी हिसडणं थांबलं. ओकारीचा आवाज आला, आणि पात्याखालच्या भेगेतून काहीतरी आत ओघळू लागलं. रक्त होतं... काळसर, दारूचा वास असलेलं.

वहिनी अडसराकडे धावली. मी तिचा पदर धरला. राहू दे, म्हणाले मी, उघडू नको. असं म्हटल्याचा मला पस्तावा नाही, धाकटी माझ्या कुशीत होती. वहिनीनं माझा हात सोडवला आणि इतक्या शांतपणे बोलली की अजून ऐकू येतं, "थांब व बाई. आधी कुऱ्हाड." तिनं दार किलकिलं केलं, खाली कोसळलेल्या नवऱ्याला ओलांडून गेली, पाय लावून कुऱ्हाड फळीतून उपटली, पाळीपर्यंत चालत गेली आणि ती तलावात फेकली. मग परत येऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडातलं रक्त बोटांनी काढलं आणि शंकरला हाक मारली. बैलगाडीत ती त्याच्याजवळ बसली, पण त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

तो वाचला, आणि त्यानं दारू सोडली. डॉक्टरनी पुन्हा तेच सांगितलं, आणि या खेपेला त्यानं दोन्ही वाक्यं ऐकली. वहिनीनं पुन्हा तेल काढलं. घरी आल्यावर त्याचं पहिलं बोलणं दाराविषयी होतं, सुताराला बोलावतो म्हणाला. वहिनी म्हणाली, "नाई. दार असंच राहीन. तुमाले रोज दिसलं पायजे." मग त्यानं एक सवय लावून घेतली. सकाळी वाटीतलं तेल पिऊन झालं की वाटीत उरलेलं बोटावर घ्यायचा आणि त्या भेगेत आत आत जिरवायचा, डोंग्याला चोपडावं तसं. लाकूड काळं, गुळगुळीत झालं. मुली त्याच्या पाठीवरून उड्या मारू लागल्या. वहिनी त्याच्याशी बोलू लागली, आधी कामापुरतं, मग हसून. भट्टीवरून हाक आली की तो भेगेकडे बोट दाखवायचा. मी भरल्या घरातून परत यायचे आणि वाटेत डोळे पुसायचे. इतका भला माणूस त्या माणसाच्या आत एवढी वर्षं कुठे दडला होता, याचा मला संताप यायचा. आणि मग असा चांगला झाल्यावर, एक थेंब न घेता, एका सकाळी तेलाची वाटी हातात असतानाच त्याला रक्ताची उलटी झाली आणि तो गेला. जुना मार आत शिल्लक होता. डॉक्टर म्हणाले, यकृत आधीच गेलं होतं, दारू सोडल्यामुळे एवढा तरी जगला. पिताना मेला असता तर मी त्याला नुसत्या शिव्या दिल्या असत्या. तेवढीही सोय त्यानं ठेवली नाही.

गेल्या रविवारी वहिनीकडे गेले होते. आता दार बदलून घे, मी सांगितलं. दिवस मावळत होता, मुली पाळीवर गेल्या होत्या, दार सताड उघडं होतं. बाहेरच्या वाटेनं कोणी गडी खाकरत गेला. वहिनी बोलता बोलता ताडकन उठली, दार लोटलं, अडसर घातला आणि पाठ लावून उभी राहिली. श्वास धरून. मीही भिंतीला टेकले होते. बाहेरची पावलं दूर गेली. कोण येणार होतं आता? तिलाही ते आठवलं असावं. ती वळली, भेगेत बोट घातलं आणि बाहेर काढून उजेडाकडे धरलं. बोट चकचकत होतं.

"अजून वाळलं नाई, बाई," ती म्हणाली. मग ते बोट पदराला न पुसता तिनं मुठीत धरलं आणि रडू लागली, त्याच्या मरणानंतर पहिल्यांदा. मी तिच्याजवळ बसले. मुली परत येऊन दार वाजवू लागेपर्यंत आम्ही दोघींनीही अडसर काढला नाही.