मागच्या सीटचा हात

आंबा घाटातल्या वळणावर समोरून एक मोटरसायकल आली आणि मागे बसलेल्या मुलीनं मला हात केला. ओळख ना पाळख. पण लांबच्या वाटेवरचे गाडीवाले एकमेकांना असा रामराम करतातच. सपाटीवर चालवणारा डावा हात उचलतो. घाटात त्याचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तिथं हात करायचा तो मागच्यानं.

आमच्याकडे ते काम माझं. समोर गाडी दिसली की हे मान न वळवता म्हणायचे, “अगं, हात कर. नाहीतर म्हणतील, काय माज आहे!” मी वैतागायचे. पदर सांभाळू, पिशवी सांभाळू, की यांचे रस्त्यावरचे सोयरे? तरी हात वर जायचाच. एकदा म्हणाले, “तुझ्या पुढचा रस्ता समोरचा आत्ताच बघून आलेला असतो. नीट जा, एवढंच सांगतो.”

हे ज्या वाटेनं गेले, तिथून समोर येणारं कुणीच नसतं.

गाडी विकून टाक, असं सगळे म्हणत होते. मी हट्टानं चालवायला शिकले आणि आज पहिल्यांदाच एकटी घाटात आले. त्या मुलीनं हात केला तेव्हा माझा एक हात क्लचवर होता, दुसरा ब्रेकवर, शेजारी दरी. तोंडून आपसूक निघालं, “अगं, हात कर.”

कुणी केला नाही. मागे बसायची ती मीच ना.