समुद्रातली सोनारीण

शेवगावात निकिताबद्दल विचारलं, तर कुणीही सांगेल, "ती व्हय? ती समुद्रात सोनारकाम करती." तिच्या जहाजावरच्या यंत्राचं नाव सोनार. ते पाण्यात आवाज सोडतं आणि तळावरून परतलेल्या आवाजाचं चित्र काढतं. केबल टाकण्याआधी समुद्राचा तळ तपासणाऱ्या कंपनीत ती आहे. माझी विद्यार्थिनी. उत्तर येत असलं तरी वर्गात हात अर्धाच वर करायची.

गेल्या वर्षी अशा एका चित्रात तिला लांबट सावली दिसली. दुसऱ्या महायुद्धात बुडालेली पाणबुडी. त्या भागात एकाच घडणीच्या दोन पाणबुड्या बेपत्ता होत्या. फरक एवढाच, की एकीची तोफ मनोऱ्याच्या पुढे, दुसरीची मागे. कॅमेरा खाली सोडला, तर सगळ्यावर मासेमारीची जुनी जाळी गुरफटलेली. जागेवरून मात्र ती पहिलीच वाटत होती. पहिलीवरच्या एका खलाशाची मुलगी परदेशात अजून आहे, ऐंशी ओलांडलेली. बापाला तिनं पाहिलेलंही नाही. तिचा निरोप आला होता: ती माझ्या वडिलांची आहे का, एवढंच सांगा.

निकिता सुट्टीवर आली तेव्हा मी भेटायला गेले होते. तेवढ्यात तिच्या साहेबांचा फोन आला. तो ठेवून ती म्हणाली, "साहेब म्हणतात, अहवालात पहिलीचं नाव लिहून टाक. जाळी काढायला पाणबुडे पुढच्या हंगामात उतरणार. तोवर त्या बाई राहिल्या नाहीत तर?"

"मंग लिही की," तिची आई जयमाला म्हणाली. "म्हातारीचा जीव तरी निवंल."

"लिही, लिही," दाराशी बसलेले गहिनीनाथमामा म्हणाले. "तुज्या आईनं बी असंच लिहून दिलं हुतं."

निकिता पाचवीत असताना हे मामा भांडून घर सोडून गेले होते. पुढे कालव्यात एक प्रेत सापडलं. अंगातला सदरा जयमालानं स्वतःच्या हातानं शिवलेला. तो आपलाच भाऊ, असं तिनं लिहून दिलं. दहावं झालं, फोटोला हार पडला. निकिता नववीत गेली, आणि गावातल्या एकाला मामा शिर्डीत फुलांच्या दुकानात हार ओवताना दिसले! सदरा त्यांनी वाटेत भेटलेल्या एका पोराला दिला होता. तेव्हापासून गाव त्यांना 'कैलासवासी' म्हणून हाक मारतं, आणि तेही ओ देतात.

"माज्या नावाचा भात कावळ्यानं खाल्ला," मामा म्हणाले, पण हसले नाहीत. "माजं सोड, मी आलो माघारी. ज्याच्या अंगात सदरा हुता, त्याच्या घरचे अजून वाट बघत असतील. तू सोनार ना? मंग कसाला लावल्याबिगर सोनं म्हनू नको."

निकितानं 'ओळख पटलेली नाही' असं लिहिलं. त्या बाईंनाही तसंच कळवलं.

यंदा जाळी निघाली. तोफ मागे होती. ती दुसरीच पाणबुडी होती.

परवा घरी आल्यावर ती हे सगळं सांगत होती. बाईंना तिनं स्वतः फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "मग हे कुणाचे वडील आहेत?"

आता निकिता त्या दुसरीवरच्या खलाशांची घरं शोधते आहे.

जयमाला ऐकत होती. हातातली कपबशी खाली ठेवून ती भावाकडे वळली. "गहिनी, सदरा दिलास त्या पोराचं नाव काय हुतं रं?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

"बजरंग," मामा म्हणाले. "गाव न्हाई ठावं."


"बजरंग," जयमाला हळूच म्हणाली.