न पिकलेली जखम

आम्ही ढिवर. मासोळीचा काटा रुतणं ही आमच्या घरात बातमी नसते. शिंगीचा काटा गेला की घटकाभर तळमळायचं, हळद-चुना लावायचा आणि वाट पाहायची. जखम पिकते, फुटते, पू निघून जातो, माणूस पुन्हा तलावात उतरतो. पिकली म्हणजे सुटली, एवढं आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं.

माझ्या धाकट्या भावाला काटा रुतला तो अंगणात, जाळं सोडवताना. जाळ्याला हात लावायचा नाही, असं बजावलं होतं. पण ढिवराच्या घरात मिसरूड फुटलेल्या पोरानं नुसतं खाटेवर किती बसावं?

त्याला रक्ताचा कॅन्सर होता. नागपूरच्या डॉक्टरांनी हिवाळ्यात तसं सांगितलं. त्याच्याही आधी, तान्हा असल्यापासून, त्याचा कान वाहायचा, छाती भरायची. गाव म्हणायचं, मामांवर गेला. माझे दोन्ही मामा लहानपणीच तापानं गेले होते. डॉक्टरांनी मायला माहेरचं सगळं विचारलं आणि म्हणाले, रोगाशी झुंजायची ताकदच काही मुलांत जन्मतः कमी असते, ती खोट आईकडून उतरते, आईला पत्ताही नसतो. गावानं याचा सोयीचा अर्थ काढला: बाईच पांढऱ्या पायाची! रक्तातून काय उतरावं हे बाई ठरवते का? पण हे ओरडून विचारायची जागा गावात नव्हती.

निघताना डॉक्टरांनी मला दारात थांबवलं. "या रोगानं याच्या रक्तात आता पू धरायलाही बळ ठेवलेलं नाही. पुवाची वाट पाहू नका. ताप आला की निघा."

काटा रुतल्याच्या दुसऱ्या दुपारी त्याचं अंग तव्यासारखं तापलं. हात मात्र साधा. किंचित लाल, बस्स.

मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, हात उलटसुलट करून म्हणाले, "काई नाई गा. सुजला नाई, पिकला नाई. उन्हाचा ताप होय."

"नाई पिकला म्हणूनच भेव वाटून राह्यलं, मोठे बाबा."

"घ्या! पिकला तं भेव, नाई पिकला तं भेव. तुह्या पत्रकात असंच लिवलं अस्ते का बे?"

माय तांदळाच्या पिठाचं गरम पोटीस बांधत होती, जखम लवकर पिकावी म्हणून. "तूच तं आरमोरीच्या बाजारात वाचून राह्यला होता, पू दिसला का दवाखाना गाठा. मंग दिसू दे ना, बाप्पा."

खरं होतं. ते आरोग्याचं पत्रक मीच वाटलं होतं. अख्ख्या तालुक्याला लागू पडणारं, फक्त माझ्या भावाला न पडणारं. मी तावातावानं समजावू लागलो. तेव्हा खाटेवरून आवाज आला, "दादा, भाषण देऊन राह्यला का गाडी जुंपून राह्यला?"

मी बैल जुंपले.

वडशाच्या स्टेशनापर्यंत कच्ची वाट. धूळ उडवत सागाच्या लाकडाचे ट्रक आम्हाला मागे टाकत गेले. या मुलखात लाकडाला ट्रक आहे, माणसाला बैलगाडी. मी हात दाखवला, एकही थांबला नाही. माय घडी घडी फडकं सोडून पाहायची.

"पिवळं दिसून राह्यलं का गा?"

"नाई, माय."

ती पुन्हा बांधायची. तिला पू हवा होता, मला नागपूरची आगगाडी. भाऊ काही बोलेनासा झाला होता आणि मला त्याची थट्टा हवी होती.

नागपूरला डॉक्टरांनी हाताकडे ओझरतं पाहिलं, नाडी धरली आणि पेनिसिलीन सुरू केलं. "वाचेल?" मी विचारलं. "आत्ता विचारू नका," ते म्हणाले. रक्त चढवलं, गोळ्या दिल्या. ताप उतरायचा, चढायचा. माय भिंतीला टेकून बसलेली असायची, तिच्याकडे पाहायचा मला धीर होत नव्हता.

मग एका सकाळी ती ओरडली. मी धावलो. फडक्यावर पिवळा डाग होता.

"पिकली!" माय रडत होती. डॉक्टर आले, वाकून पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसले. "रक्त थोडं सुधारतंय. थोडंच हं."

भाऊ डोळे किलकिले करून म्हणाला, "दादा, आता पत्रकात काय लिवशील गा?"

उत्तर द्यायच्या आधी मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.