माझा मत्स्यत्याग

पुस्तकांनी मला आयुष्यभर प्रेरणा दिली. निस्तरावं लागलं घरच्यांना.

व्यायामाचं पुस्तक वाचून मी होडीचं वल्हं डोक्यावर पेललं आणि आठवडाभर पाठ धरून झोपलो. संमोहनाचं वाचून शेजारणीच्या बकरीवर तासभर नजर रोखली. (झोप मला लागली. पुस्तक बकरीने खाल्लं.)

पण कळस केला तो निसर्गोपचाराने. साल अठ्ठावन्न. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो, त्यामुळे शहाणपण नको तितकं होतं. डहाणूच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, मासे सोडले की बुद्धी तल्लख होते. आमचं घर मासळीवर चालणारं. बाबा समुद्रात, आई बाजारात. त्या घरात मी जेवता जेवता जाहीर केलं की आजपासून मासे बंद. बाबांनी माझ्या पानातली तुकडी मुकाट्याने आपल्या पानात घेतली. विषय तिथेच संपायचा, पण मला प्रचाराची हौस! भेटेल त्याला सांगत सुटलो.

बातमी आशागड, सरावली करत कैनाडला पोचली, आणि पोचेपर्यंत तिला शेपूट फुटलं: पोटचा मुलगा आईचे मासे खात नाही, म्हणजे मालातच काहीतरी खोट! आईची सुक्या बोंबलांची टोपली भरलेली जायची आणि भरलेलीच परत यायची. कैनाडची एक बाई तर तोंडावर म्हणाली, "तुजा पोऱ्याच नाय खात, मंग आमी कशाला खावा?"

पावसाळ्याची आमची सगळी बेगमी याच विक्रीवर व्हायची. दुसऱ्या दिवशी आईने टोपलीत दहा-बाराच बोंबील घेतले (जास्त घेऊन विकणार कोणाला?) आणि मला दंडाला धरून बाजारात नेऊन बसवलं. शेजारच्या चहावाल्याच्या निखाऱ्यांवर एक बोंबील भाजून माझ्या हातात दिला.

"खा. सगल्यांच्या समोर."

तत्त्वाचा प्रश्न होता. मी डोळे मिटून घास घेतला, आणि पंधरा दिवसांचं तत्त्व त्या वासातच विरघळलं. दुसरा बोंबील मी स्वतःच भाजला. तिसऱ्याला माणसं जमली. चौथ्याला कैनाडची तीच बाई पुढे सरकली आणि मला निरखत राहिली. त्यानंतर मी मोजणं सोडलं. शेवटी तिची खात्री पटली, तिने पदराची गाठ सोडली आणि बोंबील मागितले.

आईने टोपलीत बघितलं, मग माझ्याकडे.

"उद्या ये बाय. आज सगला माल नमुन्यातच गेला."