डोहातले दगड आणि माझं पत्रक

गेल्या मे महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, आमच्या गावच्या भोई अक्कावर अन्याय झाला. पांझरा नदीला मिळणाऱ्या नाल्यात ती मासे धरते, त्यातला मधला डोह मशीनने सपाट केला. आणि ते मशीन मी आणवलं होतं.

हो, मीच. 'नाला खोल करा, दगडधोंडे काढा, पाणी वाढवा' हे पत्रक मी लिहिलं, बाजाराच्या दिवशी वाटलं, खाली सह्या घेतल्या. अक्काला विचारावं हे सुचलंच नाही.

अक्का साठीची. दगडांखाली हात घालून मासे धरते. तिच्या घराण्याची रीत अशी, की उलटवलेला दगड होता तसाच, त्याच तोंडाने परत ठेवायचा. नाहीतर मासा दगडाखालच्या त्या घरी परत येत नाही म्हणतात.

ती धावत आली तोवर खडकांचा ढीग काठावर पडला होता. तिचा चेहरा बघून मी मुकादमाला थांबायला सांगितलं. त्याने खिशातून माझंच पत्रक काढलं.

"भाऊ, दुसरा मुद्दा वाचा. तुमनाच शे ना?"

मशीनवाला हसला. हात काही थांबवला नाही. मी बकेटपुढे उभा राहिलो, तर अक्कानेच दंडाला धरून मागे ओढलं. शिवी दिली नाही. एवढंच विचारलं,

"बठ्ठा मासा एकच घरमा ऱ्हातस का रे?"

सगळे मासे एकाच घरात राहत नाहीत, हे उत्तर मला येत होतं, ही खरी लाज. देवपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या पेपरात प्रवाळावर मी पाच पानं लिहिली होती. समुद्र कधी पाहिला नाही, पण पाठ होतं: फांद्यांचं प्रवाळ, गोलसर प्रवाळ, भेगा, कपारी, मधली वाळू. जागांचे प्रकार जितके जास्त, तितक्या माशांच्या जाती जास्त. कुणाला लपायला जागा लागते, कुणाला चरायला, कुणाला अंडी घालायला. मार्क चांगले पडले. आणि घरापासून हाकेच्या अंतरावर तेच चाललं होतं: वाम कपारीत, मरळ गवताळ संथ पाण्यात, बारीक मासळी खळखळत्या गोट्यांत. त्याचा आम्ही सरळ चर केला.

पावसाळ्यात चर भरला, गावाने नारळ फोडला. पाणी वाढलं, ते मी नाकारत नाही. पण दिवाळीपर्यंत अक्काच्या टोपलीत एकच जात, चिलापी. वाम नाही, मरळ नाही. गिऱ्हाईक टोपलीत डोकावून पुढे जायचं. आता ती आठवड्यातले चार दिवस दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाते.

खालचा डोह तेवढा उरलाय. येत्या सोमवारी मशीन तिथे उतरणार, आणि ग्रामपंचायतीच्या ठरावाला माझंच जुनं पत्रक जोडलंय. मी ते मागे घेतो असं लेखी दिलं. सरपंच म्हणाले, काल पाणी मागत होतास, आज दगड मागतोस, आधी तुझं ठरव. ग्रामसभेत हशा पिकला. माझ्या बाजूने उभी राहिली ती एकटी अक्का.

गावकऱ्यांनो, त्या पत्रकावर सह्या तुमच्या आहेत. मी चुकीचं सांगितलं, तुम्ही न विचारता सही केली. शनिवारपर्यंत ग्रामपंचायतीत या आणि आपली सही लेखी मागे घ्या. त्यानेही काम थांबलं नाही, तर सोमवारी सकाळी आठला खालच्या डोहात उतरा आणि मशीन परत जाईपर्यंत दगडांवर उभे राहा.