मऊ कळांचा कीबोर्ड

नव्वदच्या दशकात संगमनेरच्या आमच्या दूध संघात पहिला कॉम्प्युटर आला आणि त्याचा कीबोर्ड निवडायचं काम माझ्याकडे आलं. तीन महिन्यांचा कोर्स केला म्हणून मी तज्ज्ञ ठरलो होतो. मलाही ते पटलं होतं.

पुरवठादाराने दोन नमुने पाठवले. एक जुन्या धाटणीचा, पूर्ण लांबीचा, विटेसारखा जड. कळ दाबली की आत स्प्रिंग खाडकन वाजायची. दुसरा हलका, मऊ, मुका.

आमच्या टायपिस्ट बाई बावीस वर्षं टाइपरायटरवर होत्या. जड कीबोर्डवर त्यांची बोटं न बघता, न चुकता धावली. "भाऊ, हाच घ्या. कळ लागली का न्हाई ते बोटाला समजतं." महिनाभरात कॉम्प्युटरवर वेग दाखवला तर त्यांची खुर्ची राहणार होती, नाहीतर पशुखाद्याच्या गोदामात पावत्या फाडायच्या.

पण आमच्याकडे टाचणीसुद्धा ठरावाशिवाय येत नसे. नमुने संचालकांच्या बैठकीत गेले. म्हशीची कास चाचपावी तशा एकेकाने कळा चाचपल्या. "ही मऊ हाय, पान्हा लवकर सोडंल," एक जण म्हणाले. हशा झाला. चेअरमनसाहेबांनी जड कीबोर्डवर चार बोटं हाणली. "लई वाजतंय. भिंतीपल्याड हे चालू झालं तर मिटिंगीत डोळा कसा लागायचा?" पुन्हा हशा, पण ते विनोद करत नव्हते. मग माझ्याकडे वळले. "काय हो एक्स्पर्ट?"

"साहेब, मऊच आधुनिक आहे," मी म्हणालो. माझी नोकरी तेव्हा हंगामी होती, हे कारण मी अजूनही स्वतःला देतो.

महिन्याने चाचणी झाली. मुक्या कळांवर बाईंना अंदाज येईना. अक्षरं गळायची, म्हणून त्या जोर लावायच्या, आणि मग एकच अक्षर तीनदा उमटायचं. चेअरमनसाहेबांनी कागद हलवत विचारलं, "कीबोर्डात काही खोट हाय का?"

खरं बोलायला अजूनही वेळ होता.

"नाही साहेब. बाईंचा सराव कमी पडला."

बाई समोरच बसल्या होत्या. "भाऊ, तुमी माझी बोटं बघितली हुती ना?" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या बदलीचा ठराव त्याच दुपारी मी टाइप केला. एकही चूक झाली नाही.