सिलिंडर रिकामा आहे हो!

माझी मुलगी एअर रायफल चालवते म्हटलं की कोथरूडच्या आमच्या सोसायटीतली माणसं म्हणतात, "अरे वा! पण अभ्यासाचं काय?" आणि विमानतळावरची माणसं एक पाऊल मागे सरकतात. मला दोन्हींचा सारखाच वैताग आहे. पण सोसायटीतल्यांना निदान टाळता येतं, जिना बदलता येतो. विमान टाळून कसं चालेल? स्पर्धा दिल्लीत, भोपाळमध्ये, आणि सुट्टी मिळणार मोजकी.

ही रायफल हवेवर चालते. दारू नाही, धूर नाही. हवेच्या दाबानं डाळीएवढा शिशाचा छर्रा जाऊन दहा मीटरवरच्या लक्ष्यावर आपटतो, झालं. ती हवा भरलेली असते एका नळकांड्यात, त्याला सिलिंडर म्हणतात. म्हणजे स्वयंपाकाचा गॅस नव्हे हो, हातात मावणारी चीज. विमानात नेताना तो रिकामा करून, तोंड उघडं ठेवून न्यायचा असतो. रायफल कुलपाच्या पेटीत, आणि जाकीट, पँट, बूट, सिलिंडर, छर्रे असं बाकीचं सगळं एका मोठ्या बॅगेत. दोन्ही विमानाच्या पोटात जातात. आपल्याजवळ साधा स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा ठेवायचा नाही.

हे एवढं साधं. पण काउंटरवर पोचलं की रामायण सुरू.

"सिलिंडर? मॅम, सिलिंडर अलाउड नाही."

"रिकामा आहे हो. तोंड उघडं आहे, बघा."

एकानं खरोखर एक डोळा मिटून आत बघितलं होतं. दुसऱ्यानं विचारलं, रिकामा असल्याचं सर्टिफिकेट आहे का? मी म्हटलं, रिकाम्या डब्याचं सर्टिफिकेट पुण्यात कुठे मिळतं ते सांगा, मी आत्ता जाऊन रांगेत उभी राहते. मुलगी मागून कुर्ता ओढत होती, "आई, प्लीज." ती तिच्या बाबांवर गेली आहे. दोघंही गप्प बसणारी. घरातलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं आहे आणि मीही ते कधी अंगाबाहेर टाकलं नाही.

शेवटी मी एक फाइलच केली. नेमबाजी संघटनेचं पत्र, विमान कंपनीचा स्वतःचा नियम, सिलिंडरचा फोटो, हवी असतील ती ओळखपत्रं. कुणी तोंड उघडलं की त्याच्या तोंडासमोर कागद. गेल्या काही वेळा तर मी काउंटरवर पोचल्यावर "नमस्कार" न म्हणता थेट "सिलिंडर रिकामा आहे" असंच म्हणत असे. सदाशिव पेठेत वाढले आहे मी, नमनाला घडाभर तेल घालायची सवय नाही.

त्या वर्षी दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत दिल्लीला स्पर्धा होती. मुलीचं ज्युनिअर गटातलं ते शेवटचं वर्ष. या स्पर्धेत ठरलेला स्कोअर आला असता तर देशाच्या ज्युनिअर संघाच्या निवड चाचणीला बोलावणं येणार होतं. नाही आला, तर वय उलटणार आणि पुढे मोठ्यांच्या गटात शेकडो जणींच्या रांगेत पहिल्यापासून उभं राहायचं. घरात कुणी हे मोठ्यानं बोलत नव्हतं. मी मात्र देव पाण्यात घालून बसले होते. बालेवाडीला सराव चालायचा तिथे महिनाभर ती त्या स्कोअरच्या खाली एकदाही आली नव्हती. मी मागे बाकावर बसून बघत होते ना, मला माहीत आहे.

निघायच्या दिवशी सकाळी लोहगावला विमानतळावर गेलो. काउंटरवरची मुलगी चक्क समजूतदार निघाली. तिनं सिलिंडर बघितला, फाइल बघितली, "ऑल द बेस्ट" म्हणाली आणि पेटी आणि बॅग दोन्हींना पट्ट्या लावल्या. मला तर संशयच आला. इतकं सरळ काही होत असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय, हा माझा आयुष्यभराचा अनुभव.

आम्ही आत जाऊन बसलो. इडली मागवली. इतक्यात माझं नाव पुकारलं गेलं. बॅगा माझ्या नावावर होत्या. झालं! म्हटलं, आला सिलिंडर. मुलीला म्हटलं, "तू बस, खा. मी जाऊन येते आणि त्यांना कायमचं शिकवून येते."

एक माणूस मला जिने उतरवत, दारं उघडत, कुठल्या कुठे खाली घेऊन गेला. तिथे आमची बॅग टेबलावर. पलीकडे सुरक्षा दलाचे एक साहेब, हिंदीभाषक, अगदी शांत. मी त्यांना तोंडच उघडू दिलं नाही. फाइल उघडली, नियम दाखवला, सिलिंडर रिकामा कसा, तोंड उघडं कसं, हवा नसलेल्या हवेच्या नळकांड्याचा स्फोट कसा होत नाही, सगळं मोडक्यातोडक्या हिंदीत घडाघडा सांगून मोकळी झाले. ते सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "सिलिंडर ठीक है, मॅडम. ये सूखा नारियल किसका है?"

मला कळेचना. "कुठलं नारियल?"

त्यांनी तपासणी यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवलं. जाकिटाच्या खिशात एक गोल वाटी स्पष्ट दिसत होती. त्या जाकिटाला नियमानं एकच खिसा असतो, आणि त्या एका खिशात माझ्या नवऱ्यानं सुक्या खोबऱ्याची वाटी घातली होती.

आता हे सांगायला हवं. माझे यजमान भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, आता निवृत्त. त्यांच्याकडे खंडेनवमीचं प्रस्थ दिवाळीपेक्षा मोठं. यंत्रं धुवायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ, खोबरं, पेढे. आणि त्यांच्या टूलरूमची एक स्वतःची रीत होती. पूजेतली खोबऱ्याची एक वाटी बाजूला काढायची आणि दसऱ्यानंतरचं पहिलं अवघड काम ज्याच्या हातात येईल त्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायची. काम बिनचूक झालं की ती वाटी फोडून सगळ्यांनी खायची. पोरगी शूटिंगला लागल्यापासून ते खंडेनवमीला रायफलच्या पेटीची पूजा करत. त्या वर्षी वाटीही काढून ठेवली आणि बॅग भरून झाल्यावर, कुणाला न सांगता, जाकिटात घातली. पहिलं अवघड काम तिचंच नव्हतं का!

आणि सुकं खोबरं विमानात चालत नाही. तेल असतं त्यात, पेट घेतं म्हणे. चटणीला तेवढंच खोबरं किसायला घेतलं की ते पेट घेत नाही, पण विमानात घेतं. असो. नियम म्हणजे नियम. माझ्या फाइलमध्ये जगातल्या प्रत्येक आक्षेपाला उत्तर होतं, फक्त खोबऱ्याला नव्हतं.

"काढा, टाका, मी इथेच चावून खाते, पण बॅग पाठवा!" मी म्हटलं.

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. वाटी काढली, नोंद केली, माझी सही घेतली, बॅग पुन्हा यंत्रातून घातली. या सगळ्यात जायचा तेवढा वेळ गेला. विमान कंपनीची मुलगी धावत आली, "मॅम, लोडिंग क्लोज झालं. तुम्ही बोर्ड करा, बॅग संध्याकाळच्या फ्लाइटनं नक्की येईल."

"रायफल?"

"ती गेली मॅम. फक्त ही बॅग राहिली."

फक्त! त्या जाकिटाबद्दल सांगते. ते थंडीचं जाकीट नव्हे. जाड कॅनव्हास आणि चामडं, जमिनीवर ठेवलं तर आपलं आपण उभं राहतं. अंगाच्या मापानं शिवून घेतलेलं. पाठ आणि कंबर त्यात अशी धरली जाते की श्वास घेतला तरी रायफल हलत नाही. ते नसेल तर नुसती रायफल घेऊन काय करायचं, आरती ओवाळायची?

मी तिथूनच यजमानांना फोन लावला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. लग्नापासूनचं सगळं बाहेर काढलं. त्यांच्या रीतीभाती, त्यांचा कारखाना, त्यांचं न विचारता करणं, काही शिल्लक ठेवलं नाही. शेवटी म्हटलं, "पोरीचं वर्ष गेलं तर तुमच्या त्या वाटीमुळे जाईल, लक्षात ठेवा." पलीकडून नुसतं "अगं, मला वाटलं..." एवढं आलं. मीच फोन बंद केला.

विमानात मुलीला सांगितलं. तिनं खिडकीकडे तोंड केलं. तिकडेच बघत म्हणाली, "बाबांना ओरडलीस ना?" मी म्हटलं, "मग काय ओवाळू?" तिनं इअरफोन कानात घातले ते दिल्लीलाच काढले.

संध्याकाळी बॅग आली नाही. फोनवर फोन केले. अखेर पुण्याहून एकानं उचलला. "मॅम, बॅग में सिलिंडर है. पॅसेंजर के बिना नहीं भेज सकते." अहो, सकाळी तुमच्याच काउंटरवर तपासलाय, रिकामा आहे! "वो मॉर्निंग शिफ्ट था, मॅम." हात टेकले. सकाळी खोबऱ्यानं अडवलं, संध्याकाळी ज्याची भीती वर्षानुवर्षं बाळगली त्या सिलिंडरनं. कुणावर ओरडायचं तेही समजेना, आणि मला ओरडायला कुणी नसणं ही फार वाईट अवस्था असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला शिकवणाऱ्या सरांनी धावपळ करून सगळं उसनं जमवलं. सिलिंडर एकाचा, बूट एकीचे. कोल्हापूरच्या एका मुलीचा सामना पहिल्या तुकडीत संपला, तिनं घामानं ओलं झालेलं आपलं जाकीट उतरवून हिच्या हातात दिलं. किती चांगली पोर! पण ती हिच्यापेक्षा खांद्यानं रुंद. जाकीट नियमात बसलं, अंगात बसलं नाही.

मी मागे खुर्चीत बसले होते. पहिले काही छर्रे चांगले गेले. मग दिसायला लागलं. ती रायफल उचलायची, गाल टेकवायची, थांबायची आणि खाली ठेवायची. पुन्हा उचलायची. खांद्यावरचं जाकीट एका हातानं मागे ओढायची. शेवटाकडे वेळ कमी राहिला तशी तिला खाली ठेवायची चैन उरली नाही. स्कोअर लागला तेव्हा ठरलेल्या आकड्याला ती थोडक्यात चुकली होती. एका बऱ्या छऱ्यानं भरून निघाली असती एवढीच खोट. तिनं रायफल पेटीत ठेवली, कोल्हापूरच्या मुलीला जाकीट परत दिलं, थँक्यू म्हणाली. रडली नाही. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन रडले.

परत आलो तर यजमान विमानतळावर उभे. बॅग त्यांनी आधीच सोडवून आणली होती. माझ्याकडे बघितलं नाही, पोरीच्या हातातली रायफलची पेटी घेतली आणि पुढे चालू लागले. घरी शेजारीण मला हळूच म्हणाली, "काय झालं हो यांना? तीन दिवस दुधाची पिशवीसुद्धा दारातच."  माझा राग अजून उतरला नव्हता, आणि तो उतरू द्यायची माझी इच्छाही नव्हती.

दुपारी पानं घेतली. आमटी, भात, भेंडीची भाजी. ते भातात बोटं फिरवत बसले होते. एकाएकी मान वर करून त्यांनी लेकीला विचारलं, "एक खरं सांगशील? जाकीट असतं, तर झालं असतं ना गं?"

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. झालं असतं. महिनाभर मी बाकावर बसून बघितलं होतं, डोळे मिटून झालं असतं. पण प्रश्न तिला होता.

तिनं घास गिळला आणि त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "नाही बाबा. शेवटी माझा नेमच लागला नाही. घाई केली मी. जाकीट असतं तरी तेच झालं असतं."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि भात कालवला. थोड्या वेळानं वाटी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "आमटी वाढ जरा."

मुलगी उठली, हात धुतला, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी आमटी वाढत होते. दाराआडून पहिला हुंदका आला तो मला ऐकू आला, त्यांना अजून आला नव्हता. मी डाव पातेल्यावर आपटला. झाकण टाकलं. तिचं आणि माझं ताट एकात एक घालून खणखणत मोरीत नेली, नळ पूर्ण सोडला.

"अगं हळू," ते म्हणाले, "किती ती आदळआपट!"

"माझा स्वभावच आहे तो," मी म्हटलं, आणि कढई घासायला घेतली.